मालकाच्या बाजूची साक्ष

रेडिओ लहरींचा एखादा पट्टा एका मोबाइल कंपनीच्या मालकीचा असला, तरी बराच वेळ तो नुसता पडून असतो. तेवढ्या वेळात इतरांनी तो वापरावा आणि मालक आला की गुपचूप उठावं, हे शक्य आहे असं तिने पाच वर्षं खपून सिद्ध केलं. डॉक्टरेट मिळाली. नोकरी मात्र कुणी देईना. अखेर बोलावणं आलं ते पट्ट्याच्या मालकाकडूनच.

"तुमचं संशोधन आम्हाला साफ अमान्य आहे," कंपनीचे साहेब म्हणाले. "म्हणूनच तुम्ही हव्या आहात. ते कुठे फसतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

तिने घरी सांगितलं.

"म्हणजे स्वतः केलेलं स्वतःच मोडायचं?" बाबांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

"बरी नोकरी आहे," म्हणत त्यांनी पेपर उघडला.

गाईड असलेल्या सरांना सांगायला मात्र तिने आठवडा लावला. सर एवढंच म्हणाले, "कॅन्टीन बरं आहे का तिथलं?"

पुढे सरकारी समितीपुढे सुनावणी लागली. पट्टा वाटून वापरायला परवानगी द्या, असं सर बोलले आणि पुरावा म्हणून त्यांनी तिचाच प्रबंध टेबलावर ठेवला. मग कंपनीतर्फे ती उभी राहिली.

"जाड भिंतीआड असलेल्या दुसऱ्याच्या यंत्राला मालकाचा सिग्नल ऐकूच येत नाही. जागा रिकामी समजून ते बोलत राहतं आणि मालकाचे कॉल तुटतात."

"हे कुणी सिद्ध केलंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच. याच प्रबंधात, पाचव्या प्रकरणात."

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "ते प्रकरण तिला वगळायचं होतं. मी घालायला लावलं."

आधी भिंतीचं काहीतरी करा, असं सांगून समितीने निर्णय पुढे ढकलला. कंपनीने हा विजय मानला आणि तिला बढती दिली.

जिन्यात सर भेटले. "छान बोललीस. आता त्या भिंतीचं बघायला हवं. मला एकट्याला नाही झेपणार."

तिने साहेबांना विचारलं, रविवारी विद्यापीठात गेले तर चालेल का. साहेबांनी नजर छताकडे वळवली.

"सुट्टीत कोण कुठे जातं, ते आम्ही विचारत नाही," ते म्हणाले.

रविवारी सर तिच्याआधीच येऊन बसले होते. दोघांनी यंत्र भिंतीआड ठेवून चालू केलं. ते फसलं, आणि ते कसं सुधारायचं यावर दोघं वाद घालू लागले. तिला फार दिवसांनी बरं वाटलं.