डाव्या अंगाचा बैल

नगरच्या बार रूममध्ये मला 'मुक्यांचा वकील' म्हणायचे. म्हणणारे सगळे बोलक्यांचे वकील, तेव्हा त्यात कौतुक किती आणि टवाळी किती हे मला समजत होतं. प्राणिक्लेश निवारण संस्थेचा चिटणीस मी, फिर्यादी मी, वकील मी आणि शिपाईही मीच. बाकीचे चार सभासद कागदावर होते, त्यातला एक तर वारला होता. घोड्याला उपाशी जुंपणारे टांगेवाले, कोंबड्या उलट्या टांगून नेणारे व्यापारी, जखमी खांद्यावर जू ठेवणारे गाडीवान यांच्यावर मी खटले भरायचो. शिक्षा म्हणजे किरकोळ दंड. तो भरून आरोपी माझ्याकडे बघून हसायचा आणि मी पुढच्या फायलीत तोंड घालायचो.

खरं सांगायचं तर माणसांशी माझं कधी फारसं जमलंच नाही. हिच्याशी जमायचं, पण ती दोन वर्षांपूर्वी गेली. भिंगारच्या भाड्याच्या घरात मी एकटा राहत होतो. लष्कराच्या बराकीतला पहाटेचा बिगुल वाजला की उठायचं, रात्रीचा वाजला की दिवा मालवायचा. मधल्या वेळात घरात कोणी बोलत नसे. कधी मीच एखादा कायद्याचा मुद्दा मोठ्याने बोलून बघायचो आणि मग आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायचो.

बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला. दिवाळी झाली आणि जामखेडकडच्या ऊसतोडीच्या गाड्या नगरवरून राहुरीच्या बाजूला निघाल्या. दर वर्षीच जात, त्या वर्षी जरा जास्तच होत्या. एका सकाळी जकात नाक्यापाशी मी सायकलवरून उतरलो, कारण एका बैलाचा खांदा सोलवटून लाल झालेला मला दिसला. त्यावर हळद-तेल थापलं होतं आणि त्याच्यावरच जू होतं. मी नाक्यावरच्या पोलिसाला बोलावलं, पंचनामा केला आणि बैल सोडवला. गाडीवानाचं नाव सूर्यभान, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरचा. बैलाचं नाव हौश्या.

सूर्यभानने आधी हात जोडले. चार दिवस गाडी इथेच उभी करतो, खांदा सुकला की निघतो, पण बैल नेऊ नका, असं तो म्हणत होता. मी त्याला कलम वाचून दाखवलं. कलम वाचताना माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. त्याच्या बायकोने, लंकाबाईने, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीतली भांडी दुसऱ्यांच्या गाडीत ठेवायला सुरुवात केली.

तासाभराने मी कोर्टाकडे निघालो तेव्हा ती टोळी मार्गाला लागली होती. सूर्यभानच्या गाडीला उजवीकडे उरलेला बैल होता आणि डावीकडे जूखाली सूर्यभानने स्वतःचा खांदा दिला होता. लंकाबाई मागून गाडी ढकलत होती. मी सायकल थांबवून पाहत राहिलो. माझ्या कायद्यात माणसासाठी कलम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान टोळी सोडून मागे आला आणि त्याने कोर्टात बैल परत मागितला. मी पंचवीस मिनिटं बोललो. जखमी जनावर पुन्हा त्याच जूखाली कसं द्यायचं, असा माझा सवाल होता, आणि आयुष्यात तितकं चांगलं मी क्वचितच बोललो असेन. मॅजिस्ट्रेटसाहेबांना पटलं. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल संस्थेच्या ताब्यात, असा हुकूम झाला. संस्था म्हणजे मी. हौश्या माझ्या परसात आला. मी घाईघाईने चार बांबू रोवून पत्रा टाकून घेतला. बार रूममध्ये कोणी तरी म्हणालं, लोक बैल गेल्यावर झोपा करतात, आमच्या वकीलसाहेबांनी बैल आल्यावर तरी केला.

बैलाने मला जेरीस आणलं. कडबा टाकला तर हुंगून सोडायचा, बादली ठेवली तर नुसता बघत राहायचा, अगदीच राहवेना तेव्हा रात्री थोडं तोंड लावायचा. मधोमध खुंटा ठोकून बांधला तरी दावं ताणून डावीकडे सरकून उभा राहायचा, बसायचाही तिथेच. उजवीकडची अर्धी जागा रिकामी. मला वाटलं तिकडे ऊन लागत असेल, म्हणून पत्रा सरकवला. तरी तेच. मग मी त्याच्यावर ओरडलो. दोन वर्षांत त्या घरात कोणावर तरी ओरडायची ती पहिलीच वेळ होती.

डिसेंबरात पहिली तारीख पडली तेव्हा सूर्यभानबरोबर लंकाबाईही आली होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला समजावलं की गुन्हा कबूल केलास तर आजच प्रकरण संपेल, दंड भर आणि बैल घेऊन जा. खांदा तोवर भरून आला होता, माझी काही हरकत उरली नव्हती. पण सूर्यभान ऐकेना. गाडीला जुंपला हे खरं, म्हणाला, पण छळ केला असं कागदावर लिहिलंय, त्याच्यावर अंगठा देणार नाही. हा बैल त्याच्या घरच्या गाईचा, त्याने चमच्याने दूध पाजून वाढवलेला. शेवटी साहेबांनी एकोणीस जानेवारीची तारीख दिली, त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांची साक्ष घेऊन निकालच देतो म्हणाले.

कोर्ट सुटल्यावर लंकाबाई माझ्या मागे मागे भिंगारपर्यंत चालत आली. बैल दिसताच तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो जो हंबरला तसा माझ्याकडे महिनाभरात हंबरला नव्हता. धड खात-पीत नाही, आणि असा कोपऱ्यात का उभा राहतो, असं मी तिला विचारलं. माझा प्रश्न तिला फार खुळा वाटला असावा.

"ह्यो डाव्या अंगाचा हाय. उजवीकडची जागा चांद्याची," ती म्हणाली. "जोडीदाराची जागा सोडूनच उभा ऱ्हानार की. आन् चांद्यानं तोंड लावल्याबिगर ह्यो पानी पीत न्हाई. तुमी त्याच्या उजव्या अंगाला उभं ऱ्हावा. आदी तुमी प्या."

ती गेल्यावर मी तांब्या घेऊन हौश्याच्या उजवीकडे उभा राहिलो आणि घटघट पाणी प्यायलो. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग बादलीत तोंड घातलं आणि ती तळापर्यंत रिकामी केली. त्या रात्री अंथरूण घालताना माझ्या ध्यानात आलं की मीसुद्धा सतरंजीच्या एकाच कडेला उशी ठेवत होतो. मी उशी मधोमध ओढली, पण झोप लागेना. अखेर परत कडेला सरकवली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण चांगले गेले. सकाळी बिगुल झाला की आम्ही दोघं पाणी प्यायचो. मी अंघोळ करून आलो की हौश्याचा खरारा करायचो आणि त्याला दिवसाची प्रकरणं सांगायचो. विरुद्ध बाजूच्या वकिलांबद्दल माझी जी मतं होती ती मी त्याला कुठलीही भीड न ठेवता ऐकवली. संध्याकाळी माझी सायकल गल्लीच्या तोंडाशी वाजली की तो कान टवकारायचा. कोणीतरी आपली वाट बघतंय, ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. कडब्याचे भाव आभाळाला भिडले होते, तरी मी तो आणत होतो.

एकोणीस जानेवारी जवळ आली तशी माझी झोप उडाली. डॉक्टरांची साक्ष झाली की निकाल, आणि निकाल झाला की बैल जाणार. खांदा बरा झालेला बैल मालकाला न देण्याचं काही कारण कायद्यात नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो आणि उद्या येऊ नका, तारीख वाढणार आहे, असं सांगून आलो. वकिलाला यात काही विशेष वाटत नाही. वीस वर्षांत मी शेकडो तारखा घेतल्या होत्या, दिल्या होत्या. कोर्टात तारीख म्हणजे एक आकडा, तो मागे-पुढे होतोच.

सकाळी प्रकरण पुकारलं. मी उठून म्हणालो की महत्त्वाचा साक्षीदार हजर नाही. सूर्यभान पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभा होता, पहिल्यापेक्षा वाळलेला.

"साहेब, आजच द्या बैल," तो म्हणाला. "कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली. आमी गावाकडं निगालोत."

तो पुढेही काही सांगत होता, पण साहेबांनी बारा फेब्रुवारी लिहून कागद बाजूला सारला होता आणि शिपाई पुढचं नाव पुकारत होता. मी बाजूच्या दाराने बाहेर पडलो. हौश्याच्या दुपारच्या पाण्याची वेळ झाली होती आणि मला उशीर करायचा नव्हता.

बारा फेब्रुवारीला मुद्देमाल कोर्टात हजर करायचा होता. भिंगारपासून मी हौश्याला स्वतः चालवत आणला. अंगात काळा कोट, हातात कासरा. रस्त्यातल्या लोकांची करमणूक झाली, माझी हरकत नव्हती. वाटेत मी मनाशी सगळं ठरवलं होतं. निकाल झाल्यावर सूर्यभानला सांगायचं की मधून मधून येत जा, नाहीतर मीच खर्ड्याला येईन, बैल बघायला. असं कोणी करत नाही हे मला ठाऊक होतं.

सूर्यभान एकटाच आला होता. डॉक्टर साक्षीला उभे राहायच्या आत तो म्हणाला, गुन्हा कबूल आहे. साहेबांनी दोनदा विचारलं, कोणी दबाव आणला का. नाही म्हणाला. छळ केला हे तुला मान्य आहे? मान्य आहे. त्याने अंगठा दिला, दंड झाला आणि बैल मालकाला परत द्यावा असा हुकूम झाला. माझं काही म्हणणं आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणालो. हे सगळं मिळून दहा मिनिटांत आटोपलं.

बाहेर लिंबाखाली हौश्या बांधला होता. सूर्यभान दिसताच त्याने मान उंच केली आणि त्याचा हात, दंड, खांदा चाटायला लागला. सूर्यभानने त्याच्या खांद्यावरची भरून आलेली कातडी बोटांनी चाचपली.

"ब्येस केला तुमी," तो म्हणाला. "माझ्याच्यानं येवढा झाला नसता."

मी कासरा सोडून त्याच्या हातात द्यायला लागलो. त्याने हात मागे घेतला.

तो हळूहळू सांगत गेला आणि मी ऐकत उभा राहिलो. उसाला पाणी नव्हतं म्हणून कारखाना लवकर बंद झाला. टोळी गावी निघाली. एकोणीस जानेवारीला बैल मिळेल, जोडी जुंपायची आणि खर्ड्याला जायचं, म्हणून गाडीला एका बाजूने स्वतः खांदा देत तो नगरपर्यंत आला होता. चांद्याही आणला होता, याच लिंबाखाली बांधला होता. तारीख पडली. टोळीने दुपारपर्यंत वाट पाहिली आणि ती निघून गेली. शहरात तीन आठवडे बैलाला काय घालायचं? एकट्या बैलाला गाडी ओढवत नव्हती. गावी वैरणीची काडी नव्हती आणि गुरांची छावणी अजून उघडायची होती. पुढच्या बाजारात त्याने चांद्याला उभा केला. एकटा बैल शेतकरी घेत नाही, जोड कोण शोधत बसणार. ज्यांनी घेतला ते शेतकरी नव्हते.

"दावं त्यांच्या हातात दिलं तवा चांद्या आपल्या डाव्या अंगाला बघत हुता," सूर्यभान म्हणाला. "म्हनून आज अंगटा दिला. छळ केला हे खरं हाय, पर ह्याचा न्हाई, चांद्याचा."

मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. पण मी म्हणालो, "सूर्यभान, त्या दिवशी साक्षीदार गावातच होता. तारीख मी मागितली. मला बैल सोडवेना."

मला वाटलं तो शिवी देईल, आणि त्याने ती दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुमच्या घरात कुनी न्हाई, लंकी सांगत हुती," तो म्हणाला. "ठिवा तुमीच. आमी आता पाझर तलावाच्या कामावर खडी फोडतोय, येकट्या बैलाला नेऊन काय करू? आन् तिकडं गोठ्यात नेला तर ह्यो चांद्याला हुडकीत बसंल."

मी नको म्हणालो. न्यायलाच पाहिजे म्हणालो, कोर्टाचा हुकूम आहे म्हणालो. माझा आवाज कलम वाचताना चढतो तसा चढला होता. गाडी करून देतो, कडबा पाठवतो, असंही काय काय बोललो. सूर्यभानने टोपी सारखी केली, हौश्याच्या कपाळावर तळहात टेकवला आणि फाटकाबाहेर पडून एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागला. मागे वळून पाहिलं असतं तर त्याला जाता आलं नसतं, हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

हौश्या एकदा हंबरला आणि त्याच्यामागे निघाला. कासरा माझ्या हातातून सरकला, तळव्याची साल निघाली. मी दोन्ही टाचा मातीत रोवल्या आणि बैलाला मागे ओढून धरला.