चौथा नारळ

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मे महिन्यात दुपारी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो. अशा गावात आमच्या कपाटात तीन गरम शाली आहेत. काठाला जर, घडीत डांबरगोळ्या. एकही शाल कुणाच्या अंगावर भाषण संपेपर्यंतही टिकलेली नाही. माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, इथल्या एका खासगी युनिव्हर्सिटीच्या मुलींचा बेसबॉल संघ तीनदा आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिला आणला, त्याची ही कमाई. दर विजयाला एक शाल, एक नारळ. पगारात मात्र एका फिल्सचा, म्हणजे इथल्या पैशाचाही, फरक नाही.

या वर्षी संघ चौथ्यांदा जिंकला आणि मी ठरवलं, आता शाल घरात येता कामा नये. आली तर पगारासोबत येईल. नाहीतर आम्ही अल ऐन सोडू.

आम्ही दोघंही जळगावचे. कॉलेजात मी सॉफ्टबॉलची कॅचर होते आणि प्रकाश मुलांच्या संघात पिचर. मैदानावरच आमचं जमलं, म्हणून मी त्याला आजही अरे-तुरे करते आणि सासूबाई आजही नाक मुरडतात. त्याने पुढे रीतसर कोचिंगचा डिप्लोमा केला. मी इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवते. आठ वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीला मुलींसाठी नवा खेळ सुरू करायचा होता. विद्यार्थी विभागाच्या प्रमुख मैथिली केतकर पुण्याच्या. मुलाखत घेणारी बाई मराठी निघाली याचाच आम्हाला केवढा आनंद! त्यांनी विचारलं, "प्रकाशजी, तुमची अपेक्षा काय?"

आणि माझा नवरा म्हणाला, "तुम्ही द्याल ते."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. आमच्याकडे पैशाचं तोंडाने बोलणं म्हणजे हलकेपणा. समोरचा समजून घेईल, अशी आपली समजूत. समोरच्याने समजून घेतलंच, पण स्वतःच्या सोयीचं. त्या वेळी म्हणे कोचची जागा मंजूर नव्हती, म्हणून तात्पुरतं त्याला 'स्टोअर असिस्टंट' दाखवलं. चेंडू-बॅटी मोजून कपाटात ठेवणारा माणूस. पगार साडेचार हजार दिरहम. जळगावला सांगितलं तर लोक म्हणतात, बाप रे, महिन्याला लाखाच्या वर! त्यांना इथलं घरभाडं कोण सांगणार? ते तात्पुरतं आजतागायत चालू आहे.

त्याने शून्यातून संघ उभा केला हे सांगायला मी बायको असायची गरज नाही. ज्या मुलींनी आयुष्यात दगड फेकला नव्हता, त्यांना त्याने फेकायला शिकवलं. लेबनॉनच्या, केरळच्या, सुदानच्या, कराचीच्या. घरून परवानगी नसलेल्या मुलींच्या आईवडिलांना जाऊन भेटला. पहाटे ऊन चढायच्या आत सराव, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सराव. मधल्या वेळात खरोखर स्टोअर सांभाळायचं, कारण पगार त्याचाच होता ना!

पण माझा राग नुसता युनिव्हर्सिटीवर नाही. प्रकाश कौतुकाला भुकेला आहे. खांद्यावर शाल पडली की तो विरघळतो. पहिल्या वेळी हॉलमधून घरी येताना नारळ माझ्या हातात देऊन म्हणाला, "बघ मंजू, नोकरी जोरात चाललीय आणि मला नारळ दिला!" आपल्याकडे कामावरून काढलं की नारळ दिला म्हणतात, त्यावरचा हा विनोद. दुसऱ्या वेळी तोच विनोद. तिसऱ्या वेळीही तोच. मी पहिल्या दोन नारळांच्या वड्या केल्या. तिसरा रागाने ओट्यावरच ठेवला, तो आतून नासला.

यंदा ठिणगी पडली ती वेगळ्याच माणसामुळे. मुलांच्या फुटबॉलसाठी युनिव्हर्सिटीने परदेशातून एक कोच आणला. माणूस सज्जन, पण त्याचा संघ हंगामभर मार खात राहिला. एका संध्याकाळी मैदानावर दोघं पाणी पीत बसले असताना तो सहज म्हणाला, बावीस हजारांत इथे भागत नाही, तुझं कसं भागतं? तू तर चारदा जिंकलास, तुला माझ्यापेक्षा जास्तच असेल. प्रकाशने आपला आकडा सांगितला. त्या बिचाऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं.

"बावीस हजार," प्रकाश घरी येऊन म्हणाला. "म्हणजे सव्वापाच लाख रुपये, मंजू."

"आणि व्हिला वेगळा असेल."

"व्हिला वेगळा."

त्याच आठवड्यात दुबई मरीनाजवळच्या एका कॉलेजातून फोन आला. त्यांच्या मुली फायनलला प्रकाशच्या मुलींकडून हरल्या होत्या. चौदा हजार, राहायला जागा आणि कागदावर पद हेड कोच. मी तर सामान बांधायच्या बेतात होते. पण प्रकाशचं पाऊल निघेना. त्याला मुली सोडायच्या नव्हत्या. "आधी मैथिलीताईंशी बोलतो," म्हणाला. "त्यांनी निम्मं दिलं तरी राहू. पदाचं नाव नीट लावलं तरी चालेल."

"निम्मं कशाला? मागायचं तर पुरतं माग!"

गेला. तासाभराने परत आला तो हसत. मला वाटलं, झालं काम.

"काय म्हणाल्या?"

"दुबईचं सांगितलं, आकडा काही काढला नाही. म्हणाल्या, इन्शाल्ला, नेक्स्ट बजेटमध्ये बघू. तुम्ही काय, आपलेच आहात. आणि इथल्या मराठी मंडळाबरोबर जॉइंट सत्कार ठेवलाय. मोठा. डीनसुद्धा येणार."

ईशानी, आमची बारावीतली लेक, मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "सो अनदर शॉल. कूल."

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. एरवी मी कणकेला एवढं बुकलत नाही.

दोन दिवसांनी मैथिलीताई स्वतः आमंत्रण द्यायला घरी आल्या. हातात खजुराचा डबा, चेहऱ्यावर माहेरी आल्यासारखं हसू. गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारी, माझ्या पुरणपोळ्यांची तारीफ करणारी बाई. प्रकाश सरावाला गेला होता. मी चहा ठेवला, कारण चहा न विचारण्याइतकी मी अजून बिघडलेली नाही.

"मंजुषा, फॅमिलीने पुढच्या रांगेत बसायचं हं. डीनना मी सांगितलंय, धिस मॅन इज अ जेम."

"ताई, मग त्या जेमला स्टोअर असिस्टंट का म्हणता?"

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, ते फक्त पेपरवर. ग्रेडचा इश्यू आहे. त्या ग्रेडला मला जास्त देता येत नाही."

"ग्रेड बदला."

"तसं नसतं ना. प्रोसेस असते. आणि खरं सांगू? प्रकाशजींना पैशाचं एवढं नाहीये. त्यांचं पॅशन आहे ते. म्हणून तर रिझल्ट येतो."

"फुटबॉलवाल्यांना पॅशन नाही म्हणून बावीस हजार देता का?"

आकडा मला माहीत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "त्याने मागितले, मंजुषा. निगोशिएट केलं. प्रकाशजींनी आठ वर्षांत एकदाही आकडा सांगितला नाही. मी मॅनेजमेंटला काय सांगणार, की त्यांनी मागितलं नाही तरी द्या?"

"हो! तेच सांगायचं होतं! त्याने तुमच्यावर सोडलं होतं. 'तुम्ही द्याल ते' याचा अर्थ तुम्हाला कळत नव्हता? तुम्ही पुण्याच्या, लंडनच्या नव्हे! परक्याला नसता कळला तर मी समजले असते. तुम्हाला कळला, आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात. आपला माणूस म्हणायचं आणि आपल्याच माणसाला स्वस्तात राबवायचं!"

मी एवढी ओरडले की शेजारच्या यम्नाने दार उघडून पाहिलं. मैथिलीताई उठल्या. रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझं फ्रस्ट्रेशन मी समजू शकते. पण ते नाही जाणार. त्यांच्या मुलींना सोडून ते जाऊच शकत नाहीत."

त्यांना माझा नवरा पक्का ठाऊक होता. त्या जोरावरच तर सगळं चाललं होतं. त्या रात्री मी प्रकाशला त्यांचं ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, वर माझं काहीच जोडलं नाही. तो बराच वेळ ग्लोव्हला तेल चोळत बसला.

सत्काराला हॉल भरला होता. मंडळाची माणसं, युनिव्हर्सिटीची माणसं, मधल्या रांगांत संघाच्या मुली. कॅप्टन नबिला, कराचीची, सगळ्यात जोरात शिट्ट्या मारत होती. मैथिलीताईंनी भाषण केलं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत. निष्ठा, त्याग, गुरू-शिष्य परंपरा, सगळं आलं. पगार आला नाही. डीननी शाल घातली. मैथिलीताईंनी शेंडीवाला नारळ दिला. मलबारी दुकानातून खास निवडून आणलेला असणार, चांगला मोठा होता. ईशानी माझ्या कानाशी म्हणाली, "ही इज गोइंग टू क्राय अगेन." मलाही तीच भीती होती. त्याचे डोळे भरलेच होते.

प्रकाश माइकपाशी गेला. आधी इंग्रजीत मुलींचे आभार मानले, एकेकीचं नाव घेऊन. मग मराठीत वळला.

"हा माझा चौथा नारळ," तो म्हणाला. मंडळाची माणसं हसली. विनोद सगळ्यांना माहीत झाला होता. "दर वेळी मी बायकोला म्हणतो, मला नारळ दिला. खरं म्हणजे दिलाच होता. पहिल्याच दिवशी. मला कोच म्हणून कधी ठेवलंच नव्हतं, त्यामुळे काढायचीही गरज पडली नाही." आता कुणी हसलं नाही. "मी म्हणालो होतो, तुम्ही द्याल ते. चूक माझी आहे. आज मीच देतो."

तो मैथिलीताईंसमोर गेला. दोन्ही हातांनी, वाकून, अगदी रीतीप्रमाणे त्याने तो नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"ताई, हा माझ्याकडून. जूनअखेर मी नोकरी सोडतोय."

अख्ख्या हॉलमधली मराठी माणसं जागच्या जागी थिजली. आणि संघाच्या मुली उठून उभ्या राहिल्या. टाळ्या, शिट्ट्या, बाक बडवणं! मराठी न कळल्यामुळे त्यांना वाटलं, सरांनी आपला मान मॅडमना दिला. डीनही मोठ्या मनाने टाळ्या वाजवू लागले. मैथिलीताई त्या गदारोळात नारळ धरून उभ्या. खाली ठेवता येईना, परत देता येईना. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

टाळ्या थांबल्यावर त्या प्रकाशला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं काय करता? उद्या बसू आपण. आकडा सांगा. तुम्ही म्हणाल ते."

"ताई," प्रकाश म्हणाला, "हे आठ वर्षं कुठे होतं?"

पार्किंगमध्ये मी इतकी खुशीत होते की गाडीची किल्ली सापडेना. सापडली तेव्हा ती माझ्या हातातच होती. तेवढ्यात नबिला धावत आली, ओढणी सावरत. "सर, कल प्रॅक्टिस पाँच बजे ना? नई लड़कियाँ भी आएँगी, मैंने बुलाया है।"

प्रकाशच्या अंगावर अजून शाल होती. घामाने मान भिजली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता सांगेल.

"हाँ बेटा," तो म्हणाला. "पाँच बजे. पानी की बोतल सब लाना."

ती गेल्यावर मी गाडी सुरू केली, एसी पूर्ण सोडला आणि फुटले. "अरे, आत्ताच नारळ देऊन आलास ना? मग नव्या मुलींना कशाला शिकवतोस? कुणासाठी? जूनपर्यंतच्या त्या स्टोअर असिस्टंटच्या पगारात?"

त्याने शाल काढून मांडीवर घडी घातली.

"नारळ ताईंना दिला, मंजू," तो म्हणाला. "मुलींना नाही दिला."

मला परत तोच राग आला, अगदी टाचेपासून. कारण ह्याच एका वाक्याच्या भरवशावर त्या लोकांनी आठ वर्षं काढली होती. तरी मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि पहाटे चारचा गजर लावायला मागच्या सीटवरच्या ईशानीला सांगितलं.