किडा आपणहून आला पाहिजे

माझ्या स्टुडिओत लोक खुर्चीवर बसतात, हनुवटी वर करतात आणि पासपोर्टला शोभेल असा चेहरा करतात. आयुष्यभर मी असलेच फोटो काढत आले. म्हणून शाळेच्या पुस्तकासाठी किडे खाणाऱ्या झाडाचा फोटो मी देते म्हटल्यावर संपादकबाई हसल्याच. अट एकच घातली: किडा आपणहून आलेला हवा, हाताने ठेवलेला नको. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोटो आला नाही तर धड्यात चित्र छापणार होत्या. त्या हसल्या नसत्या तर मी एवढी हट्टाला पेटले नसते.

सोबतीला ताई आली. माझी ही थोरली बहीण जन्मभर तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नर्स होती. तिला नेलं, तिथेच मी फसले.

दलदलीच्या कडेला दवबिंदू नावाची ती किडेखाऊ रोपं सापडली. नाण्याएवढी, लालभडक, पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. वाळूच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून मी चिखलात पालथी पडले. बऱ्याच वेळाने एक चिलट येऊन चिकटलं. पान त्याच्याभोवती वळायला तास न् तास लागतात, म्हणून मी डबा खायला उठले. परत येऊन बघते तर चिलट गायब, आणि ताई केसातली पिन पुसतेय.

"अडकलं होतं गं," ती म्हणाली.

मी तिला बजावलं. तिने मान डोलावली आणि मी लेन्स पुसेपर्यंत दुसरंही सोडवलं. पालथ्या घड्यावर पाणी! मग मात्र माझा पारा चढला आणि तोंडाला येईल ते मी तिला सुनावलं. ती तळहातावरच्या चिलटाकडे बघत राहिली. त्याचे पंख चिकटून गेले होते. थोड्या वेळाने ते हलायचं थांबलं. पानावर परत ठेवू का, तिने हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. अट म्हणजे अट.

तिसऱ्या खेपेला चांगली जाडजूड माशी आली. ताईने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि चिखलातच त्यांच्यावर बसली. मला वाटलं, तोंड फिरवेल. तिने नजर हलवली नाही.

पान सावकाश वळत गेलं. माशी सुटायला धडपडत होती आणि उजेड कमी होत चालला होता. एवढ्याशा उजेडात ती जराशी हलली तरी फोटो पुसट येणार. टक लावून माझे डोळे पाण्याने भरून आले होते, माशी हलतेय की थांबलीय ते मला कळेना. तेवढ्यात ताईचा आवाज आला. वॉर्डातला, शांत.

"आता हलत नाही. काढ."

मी काढला. मग तिचे बधीर झालेले हात बाहेर ओढले आणि शेवटची गाडी येईपर्यंत चोळत बसले. तिला इतकं बोलल्याचं मला फार वाईट वाटत होतं.

फोटो छापून आला. पुस्तक ताईच्या कपाटात अगदी पुढे असतं. तो धडा ती स्वतः कधी उघडत नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र तो कितव्या पानावर आहे ते तोंडपाठ सांगते.