एक बाकी

"ब्याण्णव," तपासणीला आलेले उमाकांत साहेब म्हणाले, आणि मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

मानांकनाला शंभरपैकी नव्वद गुण लागतात. आमच्या अंगणवाडीला दोन वरच मिळाले होते! तपासणीआधी पंधरा दिवस मी नुसती नाचत होते. पाण्याची टाकी घासली, विजेच्या बटणांना झाकणं बसवली, औषधांची पेटी उंच फळीवर ठेवली. शहाद्याहून चांगला चार इंची खिळा आणून दाराशेजारी ठोकलासुद्धा. त्यावर पाटी लागणार होती, 'उत्तम सुरक्षित केंद्र'. खाली सेविका म्हणून माझं नाव, गायत्री, आणि त्याखाली मदतनीस रमिलाबाई.

रमिलामावशी या महिनाअखेरीस निवृत्त होणार होती. सव्वीस वर्षं तिने या गावाची पोरं सांभाळली, पण आपलं नाव कुठे लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी वाचता कुठे येत होतं! म्हणून मी भिंतीवर खडूने तिचं नाव लिहून दाखवलं. त्या दिवसापासून ती तेवढा कोपरा वगळून झाडायची.

"पाटीवर इतलंच मोठं यी का व मन्हं नाव?" ती रोज विचारायची.

"यानापेक्षा मोठं," मी रोज सांगायचे.

आमचं दोघींचं वाजलं ते एकदाच, चिंचोक्यांवरून. मावशीची हजेरीची स्वतःची पद्धत होती. पोर दारात आलं की ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची आणि एक चिंचोका डब्यात टाकायची. पोर घरी निघालं की एक काढायची. डबा रिकामा झाला की तिचा दिवस संपला. माझं रजिस्टर आणि मोबाइलवरची नोंद म्हणजे तिच्या लेखी पोरखेळ. पण तपासणीच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, मुलांच्या नाकातोंडात जाईल अशी बारीक वस्तू केंद्रात नको. आदल्या दिवशी मी सगळे चिंचोके उकिरड्यावर फेकले आणि डबा कपाटामागे सारला. मावशी झाडू घेऊन उकिरड्याच्या बाजूला झाडायला गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मी तिला बजावली होती. धडगावकडून ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबाची तीन वर्षांची रिना चार दिवसांपासून आमच्याकडे येत होती. तिचं नाव नोंदीत नव्हतं, वजन-उंचीही घ्यायची राहिली होती. "आजना दिन तिले ठेवू नको, मावशी," मी म्हटलं होतं, "तपासणी व्हयनी की नाव लिखसू."

बारा वाजता पालक आले. मी दारात उभी राहून रजिस्टरमध्ये खुणा केल्या. बावीस आले, बावीस गेले. साहेब चहा घेऊन गाडीत बसले, ड्रायव्हर जावेदने गाडी सुरू केली. ती मागे घेऊन वळवायची होती.

तेवढ्यात मावशी धावत गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात गाडीवर टेकून.

"मावशी, बाजूले व्हय ना! साहेबले उशीर व्हई ऱ्हायना," जावेदने मान बाहेर काढली.

"गाडी हालाऊ नको! एक बाकी शे!"

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "काय बाकी, मावशी? बावीस उनात, बावीस गयात!"

तिने पदराची गाठ सोडली. आत एक चिंचोका होता. उकिरड्यावरून वेचून आणलेले चिंचोके तिने डब्याऐवजी पदरात मोजले होते. "तेवीस उनात," ती म्हणाली.

"रिना उनी?"

"तुम्ही सैपाकघर देखी ऱ्हायंतात तव्हय तिन्ही माय सोडी गई. फडमा कोयता चालतस. तठे ठेवती का तिले?"

जावेदने गाडी बंद केली. आम्ही कपाटामागे पाहिलं, टाकीपाशी पाहिलं, केळीच्या बागेकडे पळालो. साहेबही हाका मारत होते. मग जावेद वाकला आणि त्याचा आवाजच फाटला. "अठे शे! चाकजवळ शे!"

मागच्या चाकाला टेकून रिना सावलीत बसली होती. खिचडीतले शेंगदाणे वेचून तिने चाकापुढे रांगेत मांडले होते. मावशी पोरीला ओढून छातीशी धरून मोठ्याने रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

साहेब तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी फाइल पुन्हा उघडली. "गायत्रीताई, हे मूल नोंदीत आहे?"

"नाही, साहेब."

साहेब भला माणूस. त्यांनी थोडा वेळ पेन नुसतं बोटांत फिरवलं. "मग ते केंद्राचं नाही. बाहेरचं मूल आवारात आलं, मदतनीसांनी वाचवलं, असं लिहितो. गुण कापायला नकोत. रमिलाबाई, बरोबर ना?"

हो म्हण, मावशी. मी मनातल्या मनात ओरडत होते. फक्त हो म्हण!

"बाहेरनी कशी व्हई, साहेब?" मावशी म्हणाली. "मी तिना डोकावर हात ठेवा. मन्हीच शे ती."

साहेबांनी मान खाली घालून लिहिलं. मूल नोंदीत नाही, मूल नजरेआड झालं, शिवाय चिंचोके. चौऱ्याऐंशी. पुढची तपासणी एकदम पुढच्या वर्षी. निघताना त्यांनी मावशीला हात जोडले, पण आकडा काही बदलला नाही.

"तुन्हं नाव ऱ्हाई गयं, मावशी," मी म्हटलं. मला तिचा राग आला होता आणि माझी लाजही वाटत होती.

"पोर भेटनी ना व," तिने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "रिनानं नाव लिख आते."

मी तेविसाव्या ओळीवर लिहिलं. संध्याकाळी रिनाची आई येऊन तिला घेऊन गेली, तेव्हाच मावशीने शेवटचा चिंचोका बाजूला काढून पदर झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटामागून डबा काढला, तारेने बांधला आणि पाटीसाठी ठोकलेल्या खिळ्याला टांगला. इतक्या उंचावर कुठल्याच पोराचा हात पोचणार नव्हता. यादीप्रमाणे एकदम बिनचूक.

सगळ्यांत आधी रिनाच आली. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, टाचा उंचावल्या, पण खिळा मी माझ्या उंचीने ठोकलेला. तिचाही हात पोचेना. तिने चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला.

"तूच टाक. पुढला महिनामा तुलेच मोजनं शे."

मी रिनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चिंचोका डब्यात टाकला.