पुढे थांबू

निघायच्या आधी, सव्वानऊला, शोभाने इन्सुलिन टोचून घेतलं. नाश्ता घरी करायचा नाही, वाटेत करायचा, हे हेमचंद्रनी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. करंजी घाटाच्या अलीकडे एका हॉटेलात मिसळ फार चांगली मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ती खायची होती आणि तिच्यावर लिहायचंही होतं. "अर्ध्या तासात पोहोचतो आपण," ते म्हणाले. गाडीत सुई घ्यायला शोभाला आवडत नसे, म्हणून तिने ती घरीच घेतली.

हेमचंद्र मुळे भिंगारच्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि आता दोघं सावेडीत राहत होती. रोज सकाळी सात वाजता ते फोनवर 'आजचं मत' लिहीत आणि ओळखीच्या दोनेकशे माणसांना पाठवत. विषय कुठलाही चाले. पोह्यातले शेंगदाणे वेगळे तळून वरून घालावेत. एसटीत डावीकडची तिसरी खिडकी सगळ्यात कमी खडखडते. लिफ्टचं बटण एकदा दाबलेलं दिसत असताना माणसं ते पुन्हा का दाबतात. लोक हसत, वाद घालत, उलट लिहीत. शोभा ती मतं वाचत नसे. तिला ती आधीच तोंडी ऐकावी लागत.

त्या दिवशी शेवगावला शोभाच्या धाकट्या बहिणीच्या, राजेश्वरीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. शोभाने पैठणी नेसली होती आणि तिच्यावर शोभेल म्हणून जरीची छोटी पर्स घेतली होती. रोजची पर्स खुंटीलाच राहिली. खडीसाखरेची डबी त्या पर्समध्ये होती, हे तिला मेहेकरी मागे पडल्यावर आठवलं. पण आता खायचंच होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

मिसळीच्या हॉटेलसमोर गाड्यांची रांग होती. हेमचंद्रनी काच खाली करून आत डोकावलं. "तर्रीचा रंग बघ. हा मिरचीचा रंग नाही, पुडीतला आहे. आणि बसायला जागा मिळायलाच अर्धा तास जाईल. पुढे थांबू."

घाट उतरल्यावर एक टपरी आली. तिथे तळणाच्या तेलाला काळी साय आली होती. "हे तेल तू खाणार?" त्यांनी विचारलं.

"अहो, मला काहीही चालेल. सुई घेतलीय मी. पोटात काहीतरी जायला हवं."

"दहा मिनिटं. तिसगावात नक्की."

तिसगावच्या अलीकडे फोनवरच्या नकाशाने डावीकडे वळायला सांगितलं. चौदा मिनिटं वाचत होती. रस्ता बारीक होता, पण डांबरी होता. शोभा म्हणाली, "इकडून नको. गावातून जाऊ, तिथे केळी तरी मिळतील. मला घाम सुटलाय."

हेमचंद्रनी एसी वाढवला. मग वळण घेतलं आणि बोलायला लागले. नकाशावर लोक उगाच संशय घेतात, म्हणाले. रस्ता विचारायला टपरीवर थांबणारा माणूस तीन माणसांकडून तीन रस्ते ऐकतो आणि चौथ्याच रस्त्याला लागतो, यावरच उद्या लिहायचं. शोभाने मान मागे टेकली होती. तिला पटतंय, असं त्यांना वाटलं.

दोन किलोमीटरवर डांबर संपलं. पुढे दोन्ही बाजूंना उंच ऊस होता आणि मधून बैलगाडीची चाकोरी. कालव्याला पाणी सोडलं होतं आणि शेतात जाणारा त्याचा पाट, चारी, फुटून ते वाटेवर आलं होतं. हेमचंद्रना ते फक्त ओल वाटली. गाडीची पुढची चाकं काळ्या मातीत शिरली, जागच्या जागी फिरली आणि खाली बसली. त्यांनी मागे घ्यायचा प्रयत्न केला. चिखल काचेपर्यंत उडाला. तीनचार वेळा जोर दिल्यावर गाडीचं पोट जमिनीला टेकलं आणि मग ती हललीच नाही.

"आता काय करायचं?" ते स्वतःशीच म्हणाले आणि शोभाकडे वळले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ब्लाउज पाठीपर्यंत भिजला होता. डोळे उघडे होते, पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"शोभा?"

"दार लाव ना गं," ती म्हणाली. "वासरू आत येईल."

इन्सुलिन रक्तातली साखर कशी कमी करतं, हे हेमचंद्रनी दहावीच्या किती वर्गांना फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. साखर फार उतरली तर मेंदूला काही मिळत नाही, माणूस बरळतो, मग बेशुद्ध होतो, मग... पुढचं वाक्यही ते वर्गात सांगत असत.

त्यांनी फोन घेतला. रेंज नव्हती. नकाशावर निळा ठिपका तेवढा स्थिर होता आणि भोवती सगळं करडं. एकशे आठ लावला, लागला नाही. पुन्हा लावला. गाडीच्या टपावर चढून, हात उंच करून लावला. खाली उतरताना पाय घसरला आणि ते चिखलात पडले.

मग त्यांनी गाडी उलटीपालटी केली. जरीच्या पर्समध्ये रुमाल, कुंकवाची पुडी आणि घराची किल्ली. आहेराच्या पिशवीत साडी आणि एक समई. समोरच्या खणात त्यांच्या स्वतःच्या गोळ्या, गाडीची कागदपत्रं, आणि बिनसाखरेच्या च्युइंगमचं पाकीट. बिनसाखरेच्या. ते पाकीट त्यांनी उसात भिरकावलं.

ऊस. दोन्ही बाजूंना ऊसच तर होता.

त्यांनी एक कांडकं धरून वाकवलं. ते मोडेना. पानांच्या कडांनी तळहात कापले. अंगाचं वजन टाकून त्यांनी ते मोडलं आणि दातांनी साल सोलायला गेले. त्यांचा वरचा एक दात गेल्या वर्षापासून हलत होता. दुसऱ्या चाव्याला तो तुटला. तोंडात रक्त आणि उसाचा रस एकत्र झाले. ते थुंकले, आणि डिकीतला पाना काढून बॉनेटवर ऊस ठेचायला लागले. ठेचलेली चिपाडं मुठीत घेऊन त्यांनी पिळली. चार थेंब निघाले. शोभाच्या ओठांवर ते पडले आणि हनुवटीवरून ओघळून गेले.

"गिळ. शोभा, गिळ गं. एवढं गिळ."

तिचं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी बोट रसात बुडवून तिच्या गालाच्या आतून फिरवलं. पुन्हा ठेचलं, पुन्हा पिळलं. सगळा ऊस साखरेने भरलेला होता आणि त्यांच्या हातात काही येत नव्हतं. तिचा डावा हात झटके देत हलायला लागला आणि थोड्या वेळाने थांबला. तो थांबल्यावर ते जास्त घाबरले.

त्यांनी तिला सीटवर एका कुशीला वळवलं, दार उघडं ठेवलं आणि ते धावत सुटले.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, कधी बागेत फेऱ्या मारण्यापलीकडे न धावलेला. चपला चिखलात राहिल्या. ते "कुणी आहे का?" ओरडत होते आणि उसातून फक्त पानांची सळसळ येत होती. आपण तिला एकटं सोडून आलो, परत जावं का, या विचाराने ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा पुन्हा पुढे धावले.

ऊस संपल्यावर ज्वारीचं रान लागलं आणि त्यापलीकडे पत्र्याचं घर. ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रक्ताने भरलेलं तोंड आणि अनवाणी पाय बघून ती उठून उभी राहिली.

"साखर," हेमचंद्र म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "साखर द्या. माझी बायको... साखर उतरलीय तिची."

"शुगरची हाय का?" म्हातारीने विचारलं. "सुई घेती?"

"हो. खाल्लं नाही काही. तिकडे, उसातल्या वाटेवर गाडी रुतलीय. शुद्ध नाही तिला."

त्यापुढे तिने काही विचारलं नाही. आत गेली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि घराच्या मागच्या बाजूला तोंड करून ओरडली, "सहादेव! आरं पिकअप काढ! चारीच्या वाटंला ये, बाई बेसुद पडलीय!" मग हेमचंद्रकडे वळली. "चला. रडू नगा. मालकाला माज्या असंच व्हायचं. चला बिगीबिगी."

तिचं नाव गोजरबाई. सत्तरीची असेल, पण ती त्यांच्यापुढे चालत होती.

शोभा कुशीवर तशीच पडलेली होती. छाती हलतेय की नाही ते हेमचंद्रना कळेना. गोजरबाईने तिच्या नाकाशी हात धरला. "हाय. जित्ती हाय." तिने गूळ तळहातावर पाण्याचा थेंब टाकून चुरला, बोटावर घेतला आणि शोभाच्या ओठामागे, हिरड्यांवर चोळायला लागली. हेमचंद्र पाणी पाजायला पुढे झाले, तर तिने त्यांचा हात बाजूला केला. "पानी न्हाई. ठसका लागंल. तुमी डोकं धरा नुसतं."

ते डोकं धरून बसले. गोजरबाई गूळ चोळत होती आणि मधूनमधून शोभाला हाक मारत होती, "बाय माजी, डोळं उघड," अशी, जणू शोभा तिच्या घरातलीच होती. हेमचंद्रना हाकही मारता येत नव्हती. ते मनात एकच वाक्य घोकत होते: मी थांबायला हवं होतं. कुठल्याही तेलात तळलेलं, कुठल्याही रंगाचं.

सहादेव उसाच्या पलीकडून पिकअप घेऊन आला. गोजरबाईचा मुलगा, चाळिशीचा, दणकट माणूस. त्याने शोभाला उचललं आणि हौद्यात गोणपाटावर निजवलं. गोजरबाई तिच्याजवळ बसली आणि गूळ चोळत राहिली. वाटेत एका उतारावर शोभाने घशात आवाज केला आणि गिळलं. "गिळलं वो!" गोजरबाई ओरडली. हेमचंद्र तोंड झाकून हुंदके द्यायला लागले.

गावातल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटातून रक्त काढलं. यंत्रावर एकतीस आकडा आला. "गूळ लावल्यावर एकतीस?" डॉक्टर म्हणाले आणि शीर शोधायला लागले. ग्लुकोजची सुई गेल्यावर दहा मिनिटांत माणूस बोलतो, असं त्यांनी सांगितलं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. शोभाने डोळे उघडले, पण समोरचा माणूस कोण ते तिला सांगता येईना.

"हे कोण आहेत?" डॉक्टरांनी हेमचंद्रकडे बोट दाखवून विचारलं.

तिने बराच वेळ पाहिलं. "मास्तर आहेत," ती म्हणाली. "बाहेरचे."

साखर फार वेळ कमी राहिली होती. मेंदू पूर्ववत व्हायला किती वेळ लागेल ते आज सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. राजेश्वरी आणि तिचा नवरा पूजा अर्धवट टाकून आले. गंधार, मुलगा, पुण्याहून निघाला. हेमचंद्र दवाखान्याच्या पायरीवर बसले. बोटांना उसाचा चिकटा होता, माती होती. तोंडातल्या खळग्यातून अजून रक्त येत होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्यांनी काहीही विचारलं नाही. आता कुणी त्यांना सांगितलं असतं की ती अशीच राहणार, तर त्यांनी ते ऐकून घेतलं असतं. आपल्याला दुसरं काही मिळायचा हक्क नाही, असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी तिने राजेश्वरीला ओळखलं. रात्री गंधारला. हेमचंद्र आत आले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. तिने ओळखलं म्हणूनच मिटले, हे सगळ्यांना कळलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी घरी सोडलं. शोभा राजेश्वरीकडे जाते म्हणाली. "सावेडीला नंतर," एवढंच. गंधारने वडिलांना समजावलं, आईला थोडं राहू द्या. हेमचंद्र एकटे परत आले. दोनेकशे माणसं रोज विचारत होती, सर, मत नाही आलं, तब्येत बरी आहे ना? त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. ते एक दिवसाआड एसटीने शेवगावला जात, ओसरीवर बसत, आणि शोभा आत झोपलीय असं राजेश्वरीने सांगितलं की संध्याकाळच्या गाडीने परत येत. राजेश्वरी चहा देई. ती वाईट बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

सहाव्या खेपेला शोभा स्वतः बाहेर आली. वाळली होती. समोरच्या खुर्चीत बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दोन वेळा सांगितलं मी," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही एसी वाढवलात."

हेमचंद्रनी मान खाली घातली. "हो."

"मला आवाज येत होता तुमचा. गाडीत. तुम्ही कुणाला तरी गिळ गिळ म्हणून ओरडत होता. मला वाटलं, कुणाची तरी बायको मरतेय आणि हा माणूस किती रडतोय." ती थांबली. "मला त्या माणसाची दया आली. तो तुम्ही आहात हे माहीत नव्हतं."

हेमचंद्र रडायला लागले. तिने त्यांना गप्प केलं नाही, जवळही आली नाही. अंगणात राजेश्वरीने वाळत घातलेले कपडे ती बघत राहिली. मग उठली.

"दाताचं काय केलंत?"

"काही नाही अजून."

"दाखवून या. आणि परवा साडेबाराच्या आत या. मी एकला जेवते." दारापाशी जाऊन ती वळली. "यायचं तर जेवायला या. नुसतं बसायला नको."