तेवीस नंबरचा चोर

वायरमनला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन आठ महिने. घरात तो एकटाच. तरी त्याच्या वायफायवर कुणीतरी परकं ठाण मांडून बसलं होतं.

हे त्याला त्यानेच संगणकावर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रॅमने, सांगितलं. घरच्या नेटवर्कच्या दोनशे चोपन्न पत्त्यांवर एकेक करून जायचं, प्रत्येक यंत्राची दारं, म्हणजे पोर्ट, ठोठावायची आणि उघडं सापडलं की पडद्यावर लिहायचं, एवढंच तिचं काम. राउटर, संगणक, फोन, सगळे ओळखीचे. पण तेवीस नंबरच्या पत्त्यावर एक दार सताड उघडं होतं.

त्याने खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला धरलं.

"अहो, मला हल्ली धड सुईत दोरा ओवता येत नाही," शिंपी म्हणाला, "तुमच्या नेटवर्कात कुठनं शिरू?"

लेकीच्या कानावर गेलंच. "बाबा, तुम्हाला भास व्हायला लागलेत. रविवारपर्यंत चोर दाखवा, नाहीतर सामान बांधून माझ्याकडे चला."

तिच्याकडे जायचं म्हणजे बायकोचं घर सोडायचं. वायरमन हट्टाला पेटला. उघड्या दारातून निरोप आत जाईल अशी ओळ त्याने स्क्रिप्टला जोडली आणि रोज, इंग्रजी अक्षरांत का होईना, चोराला मराठीत झापायला लागला. उत्तर शून्य.

रविवारी लेक रिकामी बॅग घेऊनच आली. "पाठवा निरोप. बघू."

त्याने एंटर दाबलं.

"बाबा, आतल्या खोलीत आईचं कपाट कुरकुरतंय. तुम्हाला ऐकू येत नाही?"

आठ महिने बंद असलेलं कपाट तिने उघडलं. कपड्यांमागे प्रिंटर! वायरमन त्याच्या आवाजावरून इतकी कटकट करायचा, की "दिला विकून" असं सांगून बायकोने वायरीसाठी कपाटाला मागून भोक पाडलं होतं आणि शिकवणीच्या प्रश्नपत्रिका तिथंच छापत राहिली होती. जन्मभर लोकांच्या घरच्या वायरी हुडकल्या, स्वतःच्या घरातली दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

खाली त्याचेच निरोप छापलेल्या कागदांचा ढीग पडला होता. लेक वाचू लागली. "चोरा, नाव सांग." "लाज वाटते का?" "बरं, रागावू नकोस." "जेवलास का?" "आज भात करपला."

तिने कागद नीट रचले. मग म्हणाली, "सापडला चोर. राहा इथंच. पण हे असलं मला सांगायचं, कपाटाला नाही."

"तुझा फोन सदा बिझी. कपाट निदान ऐकून घेत होतं."

लेकीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची ओढली. "सांगा. कसा काय करपला भात?"