खालची ओढ

लिफ्ट दुरुस्त झाली की मिस्त्री तिच्यात स्प्रिंगचा वजनकाटा ठेवून त्यावर उभा राहायचा. लोक हसायचे, "काय मिस्त्री, पोट सुटलं का?" हसोत बापडे. त्याला त्यातून लिफ्टची नाडी कळायची. त्याचं वजन सत्तर किलो; वर निघताना काटा सत्तरच्या पुढे जायचा, एका वेगात चालली की सत्तरवर यायचा, थांबायला लागली की उतरायचा. पण खाली निघतानाही तो उतरायचाच! काट्याला वेग कळत नाही, ओढ कुठल्या दिशेला आहे तेवढंच कळतं. वर जाणाऱ्याला खालची ओढ लागली तर तो मंदावतो, खाली जाणाऱ्याला लागली तर आणखी सुसाट सुटतो.

त्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट वर जाऊन थांबली, दार उघडलं, तरी काटा सहासष्टवरच. मिस्त्रीनं मशीनच्या खोलीत हाताखाली काम करणाऱ्या मेव्हण्याला बोलावून काट्यावर उभं केलं. तोही चार-पाच किलो कमी भरला. "भाऊजी, गंडलाय हा," तो म्हणाला, "टाका भंगारात."

घरी येऊन बघतो तर आई ओट्याशी उभी! गुडघ्यांनी तिला वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळवलं होतं, आणि आज बाईसाहेब स्वतः चहा टाकत होत्या. "बघतोस काय डोळे फाडून? पाय कसे पिसासारखे झालेत," ती म्हणाली. मिस्त्रीला रडूच फुटलं. चहा पिऊन झाल्यावर मात्र त्याला सहासष्टवरचा काटा आठवला.

तो तडक कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेला. वाण्याचा तराजू बरोबर होता. असणारच; मालाबरोबर वजनंही हलकी झाली होती. रस्त्यानं म्हातारे झपझप चालत होते. "काय छान हवा पडलीये!" जो तो म्हणत होता.

हवा कसली डोंबलाची! अख्खं गाव एका लिफ्टमध्ये उभं होतं आणि ती खाली चालली होती, क्षणाक्षणाला जास्त वेगानं. वेग कुणाला जाणवत नाही. जाणवतो तो ब्रेक. खाली जाणारं थांबवायचं तर ओढ वरची लागते, माणूस जड होतो. आणि एवढा साठलेला वेग थांबवायला किती ओढ लागेल, या विचारानं त्याची झोप उडाली. मेव्हण्यानं ऐकून घेतलं आणि रजा घ्यायला सांगितलं.

आईला सांगायचा त्याला धीर होईना. ती रोज गल्लीच्या टोकापर्यंत जायची, शेजारणीशी मनसोक्त भांडून यायची. तिचं हे सुख कुठल्या तोंडानं हिरावून घेणार?

एका दुपारी काटा सत्तरवर आला. "सुटलो!" मेव्हणा ओरडला. मिस्त्री मात्र पांढराफटक पडला. सत्तर म्हणजे थांबलो असं नव्हे. ओढ संपली, वेग तसाच. मग काटा बहात्तरवर गेला. पंचाहत्तर. ऐंशी.

आई बाहेर होती. तो धावत सुटला, पण पाय मणामणाचे झाले होते. ती गल्लीच्या मध्यावर भिंत धरून उभी होती.

"अरे, पाय उचलत नाहीत रे."

तो तिथंच मातीत बसला, तिला मांडीवर घेतलं. "आई, मला घट्ट धर. थांबतोय आपण."

लिफ्टवाल्याचीच आई ती. धाप लागलेली, तरी हसून म्हणाली, "कितव्या मजल्यावर रे?"

मिस्त्रीला ते माहीत नव्हतं. त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं, आणि ती त्याच्या मांडीवर जड होत गेली.